नोकरी वेर्ण्यात, मग घर फोंड्यात कशाला? एका बदलीची पूर्ण हकीकत

फेब्रुवारी २०२५, रात्री साडेनऊला दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, चिंचवडला असतो, म्हणजे असायचा. गोव्यात वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका औषध कंपनीची ऑफर आलीय, क्वालिटी कंट्रोलमध्ये, पगार बरा आहे, एप्रिलमध्ये जॉइन व्हायचंय, आणि श्वास न घेता पुढचा प्रश्न, "तू तिथलीच आहेस, सांग, मुलांसाठी सेफ एरिया कुठला? शाळा पण चांगली पाहिजे हं." मी फोंड्यात आठवी ते दहावीच्या मुलांच्या ट्यूशन घेते, बावीस वर्षं झाली, त्यामुळे शाळांबद्दल विचारणारे मला नवीन नाहीत, पण एवढ्या मोठ्या प्रश्नाला फोनवर काय उत्तर देणार. म्हटलं आधी या, बघा, मग बोलू. पुढच्या वर्षभरात काय काय झालं ते लिहून ठेवतेय, कारण त्यानंतर अजून तिघांनी मला हेच विचारलंय आणि दरवेळी तासभर बोलून घसा बसतो.

माणसं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दादाची नोकरी वेर्ण्यात, जनरल शिफ्ट पण कधीमधी फर्स्ट. वहिनी पुण्याच्याच एका फर्मचं अकाउंट्सचं काम घरून करते, म्हणजे तिला नेट आणि लाइट दोन्ही पाहिजे. मोठी सहावी संपवत होती, महाराष्ट्र बोर्ड, सेमी-इंग्रजी. धाकटा पहिलीत, मराठी माध्यम. आणि मावशी, म्हणजे दादाची आई, जी सहा महिने दादाकडे आणि सहा महिने गावाला असते, गुडघे दुखतात म्हणून जिना नको म्हणते पण सांगितलं की चढते. भाड्याचं बजेट वीस हजार, फार तर बावीस.

दादाने ऑफिसातल्या लोकांना विचारून यादी करूनच आणली होती, आणि यादीत पहिलं नाव अर्थातच पर्वरी. पुण्याहून येणारा प्रत्येक माणूस पर्वरीच म्हणतो, आणि त्यात चूक काही नाही, शाळा चांगल्या आहेत, विद्या प्रबोधिनी आहे, होली फॅमिली आहे, शिक्षण संचालनालय तिथेच, पणजी पूल ओलांडला की आली, २०१९ मध्ये अटल सेतू झाल्यापासून तर अजूनच सोपं. ते दोघं मार्चच्या एका रविवारी पर्वरी बघून आले आणि वहिनी खूश, बिल्डिंगला गेट, वॉचमन, कॅमेरे, खाली मुलांना खेळायला जागा. मी म्हटलं सोमवारी सकाळी आठला परत जा. गेले. तेव्हा हायवेवर उड्डाणपुलाचं काम चालू होतं, धूळ एवढी की वहिनीने गाडीची काच उघडलीच नाही, आणि दादाने घड्याळ लावून बघितलं तर पर्वरीहून पणजी, बांबोळी, कुठ्ठाळी करत वेर्णा, दारापासून गेटपर्यंत सव्वा तास. खरं तर २०२२ च्या डिसेंबरात नवा जुवारी पूल सुरू झाल्यापासून हा रस्ता पुष्कळ सुधारलाय, आधी कुठ्ठाळीच्या जुन्या पुलावर माणसं गाडी बंद करून बाहेर येऊन उभी राहायची. तरी पण सव्वा तास. आणि भाडं विचारलं तर टू बीएचकेला अठ्ठावीस ते तीस हजार. पर्वरी तिथेच गळली, दादाला जरा वाईट वाटलं.

ताळगाव आणि बांबोळीचा विचार दोन दिवस केला. तिकडे फायदा म्हणजे कुजिरा, पणजीतल्या काही संस्थांच्या शाळा आणि हायर सेकंडरी तिथे एकाच संकुलात आहेत, मुष्टिफंडची हायर सेकंडरी, हेडगेवार वगैरे, शिवाय जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, हाकेच्या अंतरावर. पण ताळगावात भाडं पर्वरीसारखंच आणि कुजिराला जाणारी मुलं बहुतेक बसने नाहीतर आईबाबांच्या गाडीने, चालत जाणारं क्वचित कोणी. चिखली-वास्को दादाला कंपनीमुळे सोयीचं होतं, पण मावशीला दम्याचा त्रास आहे आणि वास्कोत बंदरावरच्या कोळशाच्या धुळीची तक्रार आम्ही लहान असल्यापासून ऐकतोय, त्यामुळे तिकडे बघायलाच गेलो नाही. हे अन्यायाचं आहे, चिखलीत छान घरं आहेत, पण असो.

मडगाव मात्र खरंच तुल्यबळ होतं. फातोर्डा, बोर्डा, आके, वेर्ण्याला वीस-पंचवीस मिनिटं, शाळा भरपूर, रेल्वे स्टेशन असल्यामुळे मावशीला कोकण रेल्वेने ये-जा सोपी. इथे प्रामाणिकपणे सांगते की मी फोंड्याची आहे आणि मला ते फोंड्यातच यावेत असं वाटत होतं, त्यामुळे मडगावबद्दल मी जरा हातचं राखूनच बोलले असेन. वहिनीच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही मडगावच्या सोन्सोडो कचरा डेपोचं दोनदा सांगितलंत, फोंड्याच्या ट्रॅफिकचं एकदाही नाही." मग ट्रॅफिकचंही सांगितलं.

शेवटी मडगाव की फोंडा हे ठरलं ते धाकट्यावरून, आणि ते का हे बाहेरून येणाऱ्याला समजावायला लागतं. गोव्यात शाळांचं माध्यम हा मोठा इतिहास आहे. १९९० च्या सुमारास सरकारने ठरवलं की प्राथमिकला अनुदान पाहिजे तर कोकणी किंवा मराठीतून शिकवा, मग २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान सुरू झालं, त्यावरून केवढी आंदोलनं झाली. पण पालकांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, प्राथमिक मराठीतून केलं तरी पाचवीपासून हायस्कूल जवळपास सगळीकडे इंग्रजीच. पुण्यात जसं दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी चालतं तसं इथे समजून आलात तर फसाल. म्हणजे धाकट्याला मराठी प्राथमिक चालणार होती, चौथीपर्यंत, पण मोठीला थेट सगळं इंग्रजीत, इतिहास-भूगोल पण. फोंड्यात जुन्या शिक्षणसंस्था आहेत, गोवा विद्याप्रसारक मंडळ तर १९११ पासूनचं, आणि मराठी प्राथमिक आणि पुढे त्याच संस्थेचं इंग्रजी हायस्कूल अशी साखळी मिळते, दोन्ही मुलं एकाच रस्त्यावर. दादाला हे पटलं. वहिनीला अजून पटलं नव्हतं, तिचं म्हणणं सीबीएसई बघू, उद्या परत बदली झाली तर? चूक नाही, पण इथे बहुतेक शाळा गोवा बोर्डाच्या आहेत, सीबीएसई मोजक्या. केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना आधी प्राधान्य, खाजगी नोकरीवाल्याचा नंबर शेवटी शेवटी लागतो, त्याच्या भरवशावर घर घेता येत नाही.

आणि दादाच्या येण्याजाण्याचं कोडं कंपनीच्या बसने सोडवलं. एचआरला फोन केला तर कळलं बस मडगाव, वास्को, पणजी, फोंडा चारी बाजूंनी येते, फोंड्याच्या तिस्कावरून पावणेसातला सुटते. हा फोन पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता, आम्ही पेट्रोल जाळून तीन रविवार घालवल्यावर केला.

आता घर. इथे मी चुकले, ते नीट सांगते.

कुर्टीच्या पुढे, खांडेपारच्या दिशेला, हायवेपासून थोडं आत माझ्या ओळखीच्या एकाचा बंगला भाड्याला होता. खाली दोन खोल्या, वर एक, पुढे आंबा, मागे नारळ, गाडीला जागा, तळमजला म्हणून मावशीचे गुडघे खूश, आणि भाडं सतरा हजार. शांत एवढं की दुपारी फक्त पानं वाजतात. मी तर फोटो पाठवताना लिहिलं होतं, "याहून सेफ जागा फोंड्यात मिळणार नाही." दादाने लगेच टोकन द्यायची तयारी केली. वहिनी म्हणाली थांबा, मी इथून शाळेत चालत जाऊन बघते.

मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं, खरं सांगते. पण मीही गेले सोबत. सकाळी सात वाजता तिने लॅपटॉपची बॅग पाठीवर घेतली, त्यात मुद्दाम दोन पाण्याच्या बाटल्या आणि माझी दोन जाड रजिस्टरं टाकली, दप्तराएवढं वजन व्हावं म्हणून. कॉलनीचा रस्ता पाच मिनिटं, ठीक. मग हायवे, तोच जो पुढे अनमोडमार्गे बेळगावला जातो. ट्रक, कंटेनर, भाजीचे टेम्पो, आणि रस्त्याच्या कडेला चालायला फूटपाथ नाही, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर हातभर खडी आणि मग गटार. ओलांडायला आम्ही सहा मिनिटं उभ्या राहिलो, मोबाइलमध्ये बघितलं म्हणून सांगतेय. एका कदंबाच्या, म्हणजे इथल्या सरकारी बसच्या, ड्रायव्हरने बस स्लो केली, हात केला, पण त्याच्या मागून बाइकवाला डाव्या बाजूने सुसाट निघाला, वहिनी एक पाय पुढे टाकलेली तशीच मागे आली. पलीकडे गेल्यावर ती काही बोलली नाही. शाळेच्या गेटपर्यंत एकूण सत्तावीस मिनिटं.

संध्याकाळी परत गेलो, साडेसातला, कारण मोठीला पुढे क्लास लागला तर ती याच वेळेला घरी येणार. हायवेपासून आतल्या रस्त्यावर अकरा खांब, त्यातले चार पेटत होते. वळणावर एक गाडो आहे, चहा आणि पातळ भाजीपाव मिळतो, तिथे थांबलो. गाडोवाल्या काकांनी विचारलं कुणाकडे आलात, मी सांगितलं अमक्याचा बंगला बघायला. त्यांनी कढईतून भजी काढता काढता शांतपणे सांगितलं, "बाये, पावसांत हांगा उदक भरता." किती? त्यांनी झारा आपल्या पिंडरीला लावून दाखवला. आतल्या वाटेवर एक व्हाळ, म्हणजे ओढा, आहे, मार्चमध्ये तो कोरडा, मला तर तो चर वाटला होता. बावीस वर्षं फोंड्यात राहून मला ते माहीत नव्हतं, कारण मी जून-जुलैमध्ये त्या वाटेने कधी गेलेच नव्हते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपण घर बघतो मार्चमध्ये, चकाचक उन्हात.

त्या रात्री वहिनी आणि माझी जरा वादावादीच झाली. मी म्हणत होते की शाळेचा बालरथ येईल ना, अनुदानित शाळांना सरकारी योजनेत बस असतात, पोरीला चालायचंच कशाला. ती म्हणाली बालरथ सकाळी नेईल आणि शाळा सुटल्यावर आणेल, पण ज्या दिवशी गॅदरिंगची प्रॅक्टिस, खेळ, एक्स्ट्रा क्लास, त्या दिवशी? मग प्रत्येक वेळी मी काम सोडून गाडी काढायची. "पोर आपल्या पायाने घरी येऊ शकली पाहिजे ताई, मला शांतता नकोय, मला रस्त्यावर चार माणसं पाहिजेत." मी गप्प बसले. चिंचवडच्या बिल्डिंगमध्ये वॉचमन असून ती घाबरायची, आणि इथे बंगल्यातल्या शांततेला घाबरत होती, आधी मला ते उलटं वाटलं, नंतर कळलं की एकच आहे.

मग उलटीकडून सुरुवात केली. शाळा धरली, शाळेपासून पंधरा मिनिटांचं चालणं धरलं, मध्ये हायवे नको, एवढ्यात जी घरं येतात तीच बघायची. असं केल्यावर बारा घरांची यादी चारवर आली. त्यातला एक फ्लॅट खडपाबांधच्या बाजूला, दुसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्डिंग १९९० च्या आसपासची, रंग उडालेला, बाल्कनीतून समोरच्याचं स्वयंपाकघर दिसतं. वॉचमन नाही. पण खाली पदेर, म्हणजे पाववाला, येतो सकाळी सहाला भोंपू वाजवत, मग भाजीवाली, मग समोरच्या झेरॉक्सवाल्याचं शटर, मग शाळेच्या मुलांचे घोळके, रात्री नऊपर्यंत रस्त्यावर कोणी ना कोणी. बिल्डिंगमध्ये एक निवृत्त मास्तर आहेत जे दिवसभर गॅलरीत बसतात आणि कोण आलं कोण गेलं सगळं त्यांना ठाऊक, त्याचा पुढे वहिनीला कंटाळाही आला, पण तो वेगळा विषय. भाडं सोळा हजार. चालून बघितलं, नऊ मिनिटं.

सेफ्टीचं अजून एक केलं, ते दादाच्या डोक्यातून आलं. २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर पोलिस एफआयआर ऑनलाइन टाकतात, तर त्याने बसून फोंडा आणि पर्वरी दोन्ही स्टेशनचे चाळले. रस्त्यावरचे अपघातच त्यात पुष्कळ दिसले म्हणाला. पण एक लक्षात ठेवा, लैंगिक गुन्ह्यांचे आणि तसल्या संवेदनशील प्रकरणांचे एफआयआर त्यात टाकत नाहीत, त्यामुळे ते वाचून "इथे बायका-मुलांना काही होत नाही" असा निष्कर्ष काढणं वेडेपणा. त्यापेक्षा वहिनीने जे केलं ते मला जास्त उपयोगी वाटलं, ती शाळा सुटायच्या वेळी सलग तीन दिवस गेटसमोर उभी राहिली. एका शाळेत घंटा झाली की गेट उघडं आणि मुलं थेट रस्त्यावर, पालकांच्या स्कूटर, रिक्षा, पाणीपुरीवाला सगळं एकात एक. दुसऱ्या शाळेत एक शिक्षिका छत्री घेऊन उभी, लहान वर्ग आधी सोडले, दहा मिनिटांनी मोठे, आणि ज्यांना न्यायला कोणी आलं नव्हतं ती चार पोरं तिच्या मागे पायरीवर बसलेली. आम्ही दुसरी घेतली. पहिल्या शाळेचा दहावीचा रिझल्ट शंभर टक्के होता, दुसऱ्या शाळेचा तेव्हा नव्हता. शंभर टक्क्यांबद्दल मी ट्यूशनवाली म्हणून एवढंच सांगते, किती मुलं बसली होती आणि नववीत किती जणांना मागे ठेवलं हे विचारा, मग टक्क्यांकडे बघा.

ऑफिसमध्ये गेल्यावर क्लार्कने जे सांगितलं ते सगळ्यांनी लिहून घ्या. राज्य बदलताना नुसता शाळा सोडल्याचा दाखला चालत नाही, तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची त्यावर प्रतिस्वाक्षरी लागते, आणि यू-डायसवरचा, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला, मुलाचा पेन नंबर (कायमचा विद्यार्थी क्रमांक) जुन्या शाळेने सोडावा लागतो, नाहीतर नव्या शाळेला नाव ओढता येत नाही. दादाने सामान ट्रकात भरून झाल्यावर हे ऐकलं आणि प्रतिस्वाक्षरीसाठी परत पुण्याला एक फेरी मारली. बाकी मालकाने पोलिस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायची असते, तो फॉर्म भरला, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट केलं, गॅस ट्रान्सफर केला, ह्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी अडचण तारखांची झाली आणि ती कोणाच्याच डोक्यात नव्हती. गोव्याने २०२५ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे सहावीपासून वरचे वर्ग जूनऐवजी ७ एप्रिललाच सुरू केले. आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा एका वेळापत्रकात बांधल्या. म्हणजे मोठी चिंचवडला सहावीचे पेपर लिहीत होती तेव्हा इथे तिचा सातवीचा वर्ग भरत होता. एप्रिलमध्ये सकाळपाळीची शाळा, मग मेची सुट्टी, मग जून. आम्ही मुख्याध्यापिकेला भेटून सांगितलं, त्या समजूतदार निघाल्या, म्हणाल्या जूनला पाठवा, पण गणिताचे पहिले दोन धडे झालेत, ते घरून करून घ्या. धाकट्याची दुसरी जूनलाच सुरू, त्यामुळे त्याला काही झळ नाही. मेमध्ये मी मोठीला घेऊन बसायचे दुपारी, पंख्याखाली, आंबे खात खात पूर्णांक संख्या.

पण गणित नव्हतं अवघड. भूगोल होता. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हटलं की ही लगेच सह्याद्री काढते, ढग काढते, एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला कोरडं, बाण सगळे बरोबर. तेच इंग्रजीत दोन वाक्यं लिही म्हटलं की पेन कागदावर टेकलेलं तसंच. पहिल्या युनिट टेस्टला सामाजिक शास्त्रात वीसपैकी सात. घरी येऊन तिने पेपर धाकट्याच्या दप्तरात लपवला, तो बिचारा दुसऱ्या दिवशी त्याच्या बाईंना दाखवून आला. मग आम्ही एक शंभर पानी वही केली, डावीकडे तिला येतो तो मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, आणि खाली तिनेच केलेलं एक वाक्य. रोज पाच. दिवाळीपर्यंत वही भरली नाही पण अर्धी झाली, आणि दुसऱ्या टेस्टला तेरा. मराठी मात्र तिला तिसरी भाषा म्हणून घेता आली, इथे मराठी किंवा कोकणी निवडता येतं बऱ्याच शाळांत, त्यात ती वर्गात पहिली, तेवढाच आधार. सेमीतून येणाऱ्या पाचवीच्या वरच्या मुलासाठी शाळा बघताना लायब्ररी आणि स्मार्ट बोर्ड विचारण्याआधी एवढंच विचारा की इंग्रजीत मागे असलेल्या मुलाला शाळा काय करते. तीन शाळांत विचारलं, एकाच शाळेत नीट उत्तर मिळालं.

धाकट्याचं उलट. त्याच्या वर्गात शिकवणं मराठीत पण मधल्या सुट्टीत सगळं कोकणीत. पहिला आठवडा रडला, मला कोणी खेळायला घेत नाही. गणपतीपर्यंत घरात येऊन "म्हाका भूक लागल्या" म्हणायला लागला, मावशी दचकली, तिला वाटलं हा काय बोलतोय. आता वहिनीला बाजारात मासे घेताना भाव करायला तोच लागतो, कोळीण त्याच्याकडे बघून दहा रुपये कमी करते.

या निवडीची किंमतही आहे, ती लपवत नाही. दादाची बस बोरीच्या पुलावर अडकते. पूल जुना आणि अरुंद, एखादा ट्रक बंद पडला की दोन्ही बाजूंनी गाड्या, एकदा तो घरी रात्री पावणेदहाला आला. मडगावला असते तर साडेसहाला चहा पीत बसला असता, हे तो मला अधूनमधून ऐकवतो. पावसात लाइट जाते, वहिनीने जुलैतच इन्व्हर्टर घेतला, आणि एका मोठ्या वादळी रात्री नेट दीड दिवस बंद होतं तेव्हा ती माझ्याकडे येऊन बसली. आणि मोठीने आत्ताच डोक्यात घेतलंय की डॉक्टर व्हायचं, तर बाहेरून आलेल्यांना इथल्या सीटा कशा मिळतात ते बघावं लागेल, प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये वाचायचे, सांगोवांगी नको. सरकारी नोकरीला तर पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मागतात, म्हणजे तोवर ती सत्तावीसची होईल, दादा म्हणाला तेवढं लांबचं आत्ता नको.

एक प्रसंग मात्र सांगते. ऑगस्टमधला, शाळेत नाटकाची प्रॅक्टिस होती, फोंड्यात नाटकाचं वेड आहेच, कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा राजीव कला मंदिरात लागली की आमच्या घरी जेवण उशिरा होतं. तर मोठीची प्रॅक्टिस लांबली, साडेसहाला पाऊस कोसळायला लागला, वहिनी क्लायंटच्या कॉलवर, तिचा फोन सायलेंट. मोठीने फोन केला, उचलला नाही. मग ती निघाली, झेरॉक्सवाल्याच्या दुकानाशी पोचेपर्यंत पार भिजलेली, त्याने तिला आत बसवलं, टॉवेल नव्हता म्हणून कागदाच्या रिमवरचं कोरडं फडकं दिलं, आणि गॅलरीतल्या मास्तरांना हाक मारली. मास्तर छत्री घेऊन खाली आले आणि तिला वर घेऊन गेले. वहिनीला हे सगळं कॉल संपल्यावर, पाऊण तासाने कळलं. तेव्हा पोरगी मास्तरांच्या घरी चहात पाव बुडवून खात होती.

कुर्टीचा तो बंगला त्याच महिन्यात एका कुटुंबाने घेतला, दोन गाड्या आहेत त्यांच्याकडे, मुलं मोठी, कॉलेजात. त्यांना तो अगदी छान आहे.

आता ॲग्रीमेंट संपत आलंय, मालक दीड हजार वाढवा म्हणतोय. मावशीच्या गुडघ्यांसाठी दादा तळमजला शोधतोय, कालच त्याने ढवळीचा एक दाखवला, मागे अंगण, तुळस, विहीर. वहिनीने फोटो बघितले, छान आहे म्हणाली, आणि पायात चपला घालून विचारलं, "इथून शाळेत जायला वाटेत काय काय लागतं?"